मामांच्या टायरमधली हवा आणि ते ‘सात गुपितां’चं फॉरवर्ड

परवा दुपारी दीडच्या सुमारास मामींच्या नंबरवरून फोन आला. मामा, मामी आणि त्यांचा पाच वर्षांचा नातू नागपूरहून समृद्धी महामार्गाने आमच्याकडे संभाजीनगरला लग्नाला निघाले होते. मामी म्हणाल्या, ‘मेहकरच्या पुढे आलो. गाडीत एक पिवळा दिवा लागलाय, घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह.’ मागून मामांचा आवाज आला, ‘काही होत नाही बाप्पा, हवा मीच कमी करून घेतली. चोवीसची ठेवली.’ कुठे, असं विचारलं तर म्हणाले, मघाशी पंपावर. म्हणजे बाहेर ४४ अंश तापमान, सकाळपासून शंभर-एकशेवीसने पळून तापलेले टायर, आणि त्यातली हवा सोडलेली. मी सांगितलं, ‘मामा, आधी वेग साठवर आणा, डाव्या लेनला घ्या आणि पहिला पंप दिसेल तिथे थांबा. बाकीचं नंतर बोलू.’

हवा कमी करायला त्यांना कोणी सांगितलं? व्हॉट्सॲपवरच्या एका फॉरवर्डने. ‘शोरूमवाले कधीच सांगणार नाहीत ही ७ गुपितं, प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोचवा.’ आमच्या घरच्या ग्रुपवर ते तीन दिवस आधी मामांनीच टाकलं होतं. त्यात लिहिलेलं असं: उन्हाळ्यात हायवेला हवा आठ-नऊने कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो. डॅशबोर्डचे पिवळे दिवे शोरूमच्या धंद्यासाठी असतात, बॅटरीची वायर काढून लावली की जातात. तेलाचा लाल दिवा म्हणजे ऑइल थोडं कमी, पुढच्या गॅरेजपर्यंत बिनधास्त जा. गाडी गरम झाली तर रेडिएटरचं झाकण उघडून थंड पाणी ओता. कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये टाकतात ते रंगीत द्रव) ही लूट आहे, साधं पाणी चालतं. उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो. रोज सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा.

माझ्या वडिलांचं जालन्यात तीस वर्षं गॅरेज होतं. शाळेतून आले की मी तिथेच बसायचे. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. सगळ्यात आधी हवेचा मुद्दा, कारण त्या गाडीत पाच वर्षांचं पोर होतं.

फॉरवर्डचं म्हणणं असं, की उन्हाने हवा फुगते, दाब वाढतो आणि टायर फुटतो. हवा तापली की दाब वाढतो हे खरंच आहे. पण किती वाढतो, याचा हिशेब ते लिहिणाऱ्याने केलेला नाही. शाळेतल्या भौतिकशास्त्राने तो पाच मिनिटांत होतो. सकाळी ३० अंशाला टायरमध्ये ३३ पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजतात ते माप) हवा भरली आणि दुपारी टायरच्या आतली हवा ७० अंशाला पोचली, तरी दाब होतो ३९ च्या आसपास. आता टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत कोरलेला कमाल दाब वाचा. बहुतेक कारच्या टायरवर तो ४४ किंवा ५१ असतो, आणि तोही थंड टायरचा. दाबाची ही वाढ टायर बनवणाऱ्याने आणि गाडी बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते.

टायर फुटतो तो उष्णतेने, आणि ती उष्णता कमी हवेमुळे वाढते. लोखंडी तार दोन्ही हातांनी पुढे-मागे वाकवून पाहा. तुटायच्या आधी वाकते तिथे बोटाला चटका बसतो. हवा कमी असलेला टायर जमिनीला टेकतो तिथे जास्त चेपतो, त्याची बाजूची भिंत जास्त वाकते आणि वर जाताना पुन्हा सरळ होते. ताशी १२० च्या वेगाला हे प्रत्येक ठिकाणी सेकंदाला सतरा वेळा होतं. असं तासभर चाललं की रबर आणि आतल्या तारांची पकड सुटायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. एकदम टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा सुटतो आणि गाडी हातातून जाते.

हा माझा तर्क नाही, जगाने याची मोठी किंमत मोजली आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बहुतेक फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांना लावलेले होते. पट्टे सुटून झालेल्या अपघातांत दोनशेहून जास्त माणसं गेली. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत हे अपघात जास्त होते. टायरच्या बनावटीत दोष होताच. पण फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय इतका कमी दाब सांगितला होता, त्यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला आणि पुढे फायरस्टोनने ३० ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, आणि त्यातून पुढे प्रत्येक नव्या कारला हवा कमी झाल्याचं सांगणारा दिवा सक्तीचा झाला. सांगितलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की तो लागलाच पाहिजे असा तिथला नियम आहे. मामांच्या गाडीला ३३ सांगितलेत, त्याचे पंचवीस टक्के गेले की पावणेपंचवीस उरतात. मामांनी ठेवली चोवीस. तो नालेसारखा पिवळा दिवा याच इतिहासातून गाडीत आलेला आहे, आणि फॉरवर्ड सांगतं की त्याच्याकडे बघू नका.

मामांची चूक आणखी एका बाजूने मोठी होती. गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दाबाचा आकडा दिलेला असतो तो थंड टायरचा. गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा दीड-दोन किलोमीटरच्या वर चाललेली नसावी. गरम टायरची हवा सोडू नका, असं मामांच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलंय. मी काल रात्री ते घेऊनच बसले होते. तापलेल्या टायरमध्ये ठेवलेली चोवीस ही थंड झाल्यावर वीसच्या आसपास येते. तीन माणसं, डिकीत लग्नाचं सामान आणि टायरमध्ये वीसची हवा.

समृद्धीवर टायर फुटून अपघात होतात, हे मी नाकारत नाही. सिमेंटचा सरळ रस्ता, न थांबता तासन्‌तास एकच वेग आणि विदर्भाचं ऊन. पण त्याने उघडे पडतात ते जुने, झिजलेले, कमी हवेचे आणि जास्त ओझ्याचे टायर. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खाचांमधल्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजलं, म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, की टायर संपला. निघण्यापूर्वी एवढं बघा. हवा कमी करायची पद्धत वाळूत किंवा चिखलात रुतलेल्या गाडीसाठी आहे, तीही हळू चालवताना, आणि बाहेर आलं की लगेच पुन्हा भरायची. कोणीतरी ती उचलून हायवेवर आणून ठेवली असणार. टायरमध्ये नायट्रोजन भरण्याबद्दलही फॉरवर्डच्या शेवटी एक ओळ आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर साधी हवा, फक्त बरोबर आकड्याची.

आता रेडिएटरचं झाकण. हे लिहिताना माझा हात थरथरतो. गॅरेजमध्ये एक पोरगा कामाला होता, सतरा-अठरा वर्षांचा. गिऱ्हाईक घाई करत होतं, वडील आत होते, आणि त्याने गरम गाडीचं झाकण फडक्याने धरून फिरवलं. छातीपासून कोपरापर्यंत भाजला. त्याचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. बाहेरच्या हवेपेक्षा एक ‘बार’ (हेही दाबाचं माप) जास्तीच्या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंशाला उकळतं. तुम्ही झाकण उघडता, दाब एका क्षणात जातो आणि ते पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. त्यातून वाचलात आणि वरून थंड पाणी ओतलंत, तर तापलेल्या हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो किंवा ते वाकतं, मग त्याच्या खालचं सील, हेड गॅस्केट, गेलं म्हणून समजा.

काटा लाल रेघेकडे गेला किंवा लाल थर्मामीटर दिसला, तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेटही उघडू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीत पातळी दोन खुणांच्या मधे आहे का ते बघा. बऱ्याच गाड्यांत सकाळी हाच थर्मामीटर निळा दिसतो. तो फक्त इंजिन अजून थंड आहे असं सांगतो, दोन-चार किलोमीटरवर जातो. त्याला घाबरून फोन करणारेही मला माहीत आहेत.

साधं पाणी चालतं, यात चिमूटभर खरं आहे. आडरानात अडकलात, इंजिन पूर्ण थंड झालंय, तर गॅरेजपर्यंत जायला पाणी टाका. पण रोजचं म्हणून नाही. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट गंज धरू देत नाही आणि उकळायचं तापमान वाढवतं. कूलंट पाणी गोठू देत नाही, आणि आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून ते नको, हा हिशेब अर्धाच आहे.

तेलाचा लाल दिवा, तो अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा. ‘ऑइल थोडं कमी’ असं तो सांगत नाही. तो ऑइलच्या प्रेशरचा आहे. ऑइल पुरेसं असूनही पंप बिघडला, जाळी तुंबली किंवा स्पीडब्रेकरला इंजिनखालचं ऑइलचं चेंबर लागून फुटलं, तर प्रेशर जातं. क्रँक (इंजिनमधला फिरणारा दांडा) आणि तो ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या मधे ऑइलचा जो पातळ थर असतो तो प्रेशरवरच टिकतो. तो गेला की लोखंडावर लोखंड घासतं, आणि इंजिन जाम व्हायला पुढचं गॅरेज यायचीही वाट बघावी लागत नाही. तेलाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर लगेच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. टोइंगला काही हजार लागतील, इंजिन खोललं तर लाखाच्या घरात जातं. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून जातात, तेव्हा हा लागतो का तेही बघत जा. तेव्हा लागलाच नाही, तर तो गरजेच्या वेळीही लागणार नाही.

बॅटरीची वायर काढून इंजिनचा पिवळा दिवा जातो, हे खरं आहे. बिघाड मात्र जात नाही. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला कोड त्याने पुसला जातो, आणि मेकॅनिकला जो धागा मिळाला असता तो तुम्हीच तोडता. हा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. तशी गाडी दामटायची नाही. स्थिर पिवळा असेल तर घाबरू नका, पण चार दिवसांत दाखवा.

टाकी फुल केल्याने स्फोट होतो, हे दर उन्हाळ्यात इंडियन ऑइलच्या नावाने फिरतं. इंडियन ऑइलने स्वतः ते खोटं आहे असं सांगितलंय. गाडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत उन्हाळा असो की हिवाळा, इंधन भरणं सुरक्षित आहे. फक्त नोझल कट झाल्यावर ‘अजून शंभरचं टाका’ म्हणू नका, पेट्रोल वाफेसाठीच्या कॅनिस्टरमध्ये शिरून ते खराब होतं.

दहा मिनिटं गाडी जागेवर तापवणं प्रीमियर पद्मिनीसारख्या, चोक ओढून चालू करायच्या जुन्या गाड्यांच्या काळातलं आहे. आताच्या गाडीला अर्धा मिनिट द्या आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवा.

आणि हो, शोरूममध्ये नको ती कामं गळ्यात मारतात, हे कबूल. हे फॉरवर्ड लोकांना पटतं ते त्यामुळेच. इंजिन फ्लश, एसीचा फवारा, अमुक कोटिंग, बिल बघून माझंही डोकं फिरलंय. त्यावर उपाय मॅन्युअलमध्ये आहे. मागे सर्व्हिसिंगचा तक्ता असतो, किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं त्याचा. त्यात नसलेलं काम सांगितलं तर कारण विचारा, पटलं नाही तर नाही म्हणा. पण त्या रागात टायरची हवा का सोडायची?

मामा पुढच्या पंपावर थांबले. टायरला हात लावून बघा म्हटलं, तर मामी म्हणाल्या, हात ठेववत नाही. पाऊण तास सावलीत गाडी उभी केली, मग ३५ ची हवा भरायला सांगितली, टायर अजून गरम होते म्हणून दोन जास्त. संध्याकाळी सातला पोचले. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरचं स्टिकर मी त्यांना बॅटरीच्या उजेडात दाखवलं. दोन-तीन माणसांना ३३, भरल्या गाडीला मागे ३६. सहा वर्षं झाली गाडी घेऊन, मामांनी ते पहिल्यांदा वाचलं. मग त्यांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं, की मी पाठवलेलं चुकीचं होतं, कोणी करू नका.

उद्या पहाटे पाचला ते परत निघतायत. साडेचारला उठून, टायर थंड असताना, माझ्या गेजने हवा बघायची ठरली आहे. चारही चाकांची आणि स्टेपनीची.