मलेरियाचे परजीवी जपून ठेवण्यावर उठलेली ओरड

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: संशोधन संस्था मलेरिया, काला-आजाराचे जिवंत जंतू बाटल्यांत ठेवतात, कुरियरने धाडतात, बाटली फुटली की शहरभर साथ. जीनोम वाचून झालाय, शिकवायला फोटो आहेत, तेव्हा सगळं नष्ट करा.

साथीचं आधी. मलेरिया हवेतून पसरत नाही. त्याला अ‍ॅनाफिलीस डासाची मादी लागते आणि तिला चावताना रक्तात गॅमेटोसाइट (परजीवीची डासात पुढे वाढणारी नर-मादी रूपं) मिळावे लागतात. वर्षानुवर्षं कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवात, वाढवलेले कित्येक वाण तर गॅमेटोसाइट बनवणंच सोडतात. खरा धोका सुईचा: दूषित रक्त टोचलं गेलं की काम करणाऱ्यालाच मलेरिया होऊ शकतो. ओरड करायचीच तर त्यावर करा.

‘बाटल्यांत ठेवतात’ हे वाचून तर हसू येतं. हे जीव मोकाट सुटण्यापेक्षा हातात मरण्याचीच भीती जास्त. फाल्सिपेरम (मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी) गोठवताना फक्त रिंग ही कोवळी अवस्था तगते. ट्रोफोझोइट आणि शायझाँट या पुढच्या, मोठ्या झालेल्या अवस्था फुटतात. म्हणून आधी ५ टक्के सॉर्बिटॉलने कल्चर एका वयाचं करायचं. मग खाली बसलेल्या तांबड्या पेशींत तेवढंच गोठवण-द्रावण (२८ टक्के ग्लिसरॉल, ३ टक्के सॉर्बिटॉल, ०.६५ टक्के मीठ) थेंबाथेंबाने घालायचं आणि कुपी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायची. बाहेर काढताना ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायचं, मग १२ टक्के, १.६ टक्के आणि शेवटी ग्लुकोज घातलेलं ०.९ टक्के मिठाचं पाणी, याच क्रमाने. पहिलं द्रावण घाईने ओतलं किंवा मधली पायरी गाळली की पेशी फुटतात आणि कुपी वाया जाते. काला-आजाराच्या परजीवीची, लीशमॅनियाची, तऱ्हा वेगळी: १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन), मिनिटाला एक अंश या गतीने थंड करणं. तो कल्चरमध्ये फार पिढ्या वाढवला तर रोगकारकता घटते, म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांच्या कुप्या राखून ठेवतात.

फाल्सिपेरमचा जीनोम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, हे खरं. पण आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाला परजीवी दाद देतो का, हे फाइलला विचारता येत नाही. ० ते ३ तासांच्या रिंगना ६ तास ७०० नॅनोमोलर औषध द्यायचं, धुवायचं आणि सुरुवातीपासून ७२ तासांनी किती जगले ते मोजायचं. त्याला जिवंत परजीवीच हवा. दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेची परजीवी बँक याचसाठी आहे.

कुरियरही साधं नसतं. गळती न होणारी कुपी, तिच्याभोवती शोषक कापूस, दुसरं बंद पात्र, वर कडक खोका. गोठवलेल्या कुप्या नायट्रोजन शोषून घेतलेल्या ड्राय शिपरमध्ये जातात. तो पुरता भरला नाही तर मे महिन्याच्या उन्हात माल वाटेतच संपतो.

फोटोंचा मुद्दा अर्धा मान्य. वर्गाला जिवंत जंतू नकोतच, जिम्सा रंगद्रव्याने रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइड पुरतात. पण फोटोत परजीवी कुणीतरी आधीच शोधून दिलेला असतो. विद्यार्थ्याने ऑइल इमर्शनखाली (स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवून वापरायचं सूक्ष्मदर्शकाचं भिंग) शंभर क्षेत्रं स्वतः पाहावीत. आणि स्लाइड करताना रक्ताचा पातळ थर मिथेनॉलने पक्का करावा, जाड थर मुळीच नाही: पाण्यात त्याचं हिमोग्लोबिन निघून गेलं नाही तर परजीवी दिसणारच नाही.