गोळ्यांआधी पुरुषाची तपासणी : चोपड्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ, मूल होत नसेल तर गोळ्यांआधी पुरुषाची तपासणी करा, उष्णता आणि तंबाखूनं काउंट, म्हणजे शुक्रजंतूंची संख्या, उतरू शकतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, आजोबांनी भर उन्हात शेती केली, तंबाखूही खाल्ली, तरी घर लेकराबाळांनी भरलं. दोन, पुतण्याला डॉक्टरांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्यात आणि मी त्यांवर उगाच शंका घेतली. तीन, हा विषय चारचौघांत मांडायचा नसतो.

आजोबांना मुलं झाली, चांगलंच झालं. पण त्याच पिढीत ज्या घरी पाळणा हलला नाही, तिथलंही आठवा. बाईला वांझ ठरवलं, दुसरी करून आणली. पुरुषाला कुणी तपासलंच नाही, मग दोष कुणात होता हे कळणार कसं? उन्हानं प्रत्येकाचा काउंट उतरतो असं मी म्हटलेलं नाही. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, त्यात जो दिवसभर भट्टीपुढे किंवा ट्रकच्या केबिनमध्ये असतो त्याला धोका जास्त, इतकंच.

आता गोळ्यांचं. शुक्रजंतूच्या आवरणात असंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असतात आणि त्याच्याकडे बचावाची एन्झाइम्स अगदी थोडी. ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढले की हे आवरण बिघडतं. डब्यातलं शेंगदाण्याचं तेल खवट होतं, तशीच ही क्रिया. शेपटीची हालचाल मंदावते, आतला डीएनए तुटतो. जादा ऑक्सिजनमध्ये शुक्रजंतू मंदावतात हे जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ मध्येच दाखवलं होतं. हे रेणू वाढतात तंबाखूनं, जंतुसंसर्गानं, लठ्ठपणानं, फवारणीच्या काही औषधांनी आणि व्हेरिकोसीलनं, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्यानं. पण त्यांचं थोडं प्रमाण शरीराला हवंही असतं. त्याशिवाय शुक्रजंतूची बीज फलित करण्याची तयारी होत नाही.

अँटिऑक्सिडंट या रेणूंना आवर घालतात, म्हणजे गोळ्यांमागचा विचार चुकीचा नाही. प्रश्न आहे तो घरात मूल येतं का, हा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांना फॉलिक ॲसिड आणि झिंक, किंवा तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या, सहा महिने दिल्या. मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, काउंटही सुधारला नाही. उलट खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत डीएनए तुटण्याचं प्रमाण किंचित जास्तच आढळलं. त्याच वर्षी क आणि ई जीवनसत्त्वं, सेलेनियम, कार्निटीन, लायकोपीन अशा मिश्रणाचीही चाचणी झाली, तिथंही लाभ दिसला नाही. काही लहान अभ्यासांत फायदा दिसतो, पण तो पुरावा कच्चा आहे. म्हणून गोळी हा पहिला उपाय मला पटत नाही.

माझा राग गोळीवर नाही, तिच्यामागं वाया जाणाऱ्या महिन्यांवर आहे. मी लॅबमध्ये काम करते. सासू जाडजूड फाइल खिडकीत ठेवते: सुनेची सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांची तपासणी, सगळं बारकाईनं लावलेलं. नवऱ्याचा एकही कागद नसतो. तो बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो, आणि तरी सुया त्या पोरीलाच टोचल्या जातात. विषय चारचौघांत निघत नाही म्हणूनच हे चालतं, भाऊ. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आलेल्या लेकीला पहिला प्रश्न काय विचारतात, तुम्हालाही ठाऊक आहे.

तुम्ही लिहिलंय की पुतण्याचा एकच रिपोर्ट झाला आणि लगेच गोळ्या सुरू झाल्या. त्याला आधी मूत्रविकारतज्ज्ञाकडे न्या. डॉक्टरांनी त्याला उभं करून हातानं तपासलं की व्हेरिकोसील आहे का ते कळतं. मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी ३५ ते ४० टक्क्यांत ते सापडतं आणि योग्य रुग्णात ऑपरेशननं बऱ्याच वेळा काउंट सुधारतो. गुटखा आजच बंद करायला सांगा. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे फरक त्याआधी दिसणार नाही. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका, दुसरा शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. नमुन्याआधी २ ते ७ दिवस संयम हवा आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे. चोपड्याहून जळगावला घेऊन येण्यापेक्षा लॅबमध्येच दिलेला बरा.