सार्वजनिक असभ्यतेची यादी कशी मागावी

आपल्या भागात कोण कुठे 'अश्लील चाळे' करताना पकडला गेला, हे कळल्याशिवाय तुम्हाला झोप लागत नसेल तर अभिनंदन, तुम्ही जागरूक नागरिक आहात. पूर्वी जागरूकतेसाठी खिडकीचा पडदा दोन बोटं सरकवावा लागे. आता 2005 चा माहितीचा अधिकार आहे आणि मान अवघडत नाही.

अर्ज सोपा आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा आणि पोलीस ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याला उद्देशून लिहा. महाराष्ट्रात 150 शब्दांत आटपावं लागतं, म्हणून संस्कृतीच्या ऱ्हासावरचा परिच्छेद गाळा. जिवावर येईल, पण गाळा. माहिती कशाला हवी हे सांगायचं बंधन कलम 6(2) मुळे तुमच्यावर नाही. कायदा करणाऱ्यांना तुमची अडचण आधीच कळली असावी.

मागायचं काय, इथे मात्र भलेभले चुकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 110 खाली किंवा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गेल्या 3 वर्षांत किती कारवाया झाल्या, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी, दंड किती जमला, कोर्टात किती टिकलं, असलं काही चुकूनही विचारू नका. ते मिळण्यासारखं असतं. आणि मिळालं तर पंचाईत. एका ठरावीक बोळात, शाळा सुटायच्या वेळी, कोणीतरी पुन्हा पुन्हा उघडा होऊन उभा राहतो, हे त्यातून दिसेल. तिथला दिवा बंद आहे आणि गस्त त्या वेळी भलतीकडे असते, हेही दिसेल. मग दिव्यासाठी हेलपाटे घाला, गस्तीसाठी निवेदनं द्या. शिवाय आकड्याला चेहरा नसतो. चेहऱ्याशिवाय चहाबरोबर बोलणार काय?

तेव्हा नावंच मागा. पत्त्यासकट.

नकार येईल. तपास चालू असेल आणि त्यात अडथळा येणार असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ज), आणि वैयक्तिक माहिती म्हणून 8(1)(ञ). हे 'ञ' 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने आणखी रुंद केलंय. (त्याच्या आडोशाला आता संशयास्पद फायलीवर सही करणारे साहेबही ऐसपैस बसू शकतात, पण तो तुमचा विषय नाही. साहेबांनी बागेत कोणाचा हात धरलेला नाही.) अगदीच नशीब असलं तर कलम 10 प्रमाणे नावांवर काळ्या पट्ट्या मारलेला कागद हाती पडेल. निराश होऊ नका. गल्ली लहान आणि प्रकरण एकच असेल तर पट्टी काही झाकत नाही. तारीख आणि वेळ जुळवली की माणूस सापडतो. त्याच हिशेबाने तक्रार करणारी मुलगीही सापडते. तिची पुढच्या वेळी ठाण्याची पायरी चढायची हिंमत होणार नाही. म्हणजे तुमच्या भागातले गुन्हे कागदावर झपाट्याने कमी होतील.

समजा, नावं मिळालीच. कोणाची असतील? ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईत मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे 40 जोडप्यांना ताब्यात घेतलं होतं. खोल्यांमधून. ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांना कलम लावलं 110, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, आणि दंड 1200 रुपये. खोलीचं दार बंद होतं. पोलिसांनी ते उघडायला लावलं तेव्हा काय ती जागा सार्वजनिक झाली. तुमच्या यादीत ही जोडपी आणि शाळेच्या बोळातला तो इसम एकाच रकान्यात, एकाच कलमाखाली, एकमेकांच्या शेजारी बसतील. यातल्या कोणापासून मुलींना जपायचं हे यादी सांगणार नाही. पण यादी वाचायला जास्त रंगत कोणामुळे येईल, हे तुम्हाला सांगायला नको.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही 2018 पासून आहेच, पण ती फक्त तपास यंत्रणांना उघडते. सरकारचा तुमच्यावर विश्वास नाही, दुसरं काय.

खरं तर अर्जाचीही गरज नाही. कागदावर 'वैयक्तिक माहिती' म्हणून जे नाकारलं जातं, तेच कधीकधी ठाण्याच्या बाकावर तोंड झाकून बसलेल्या फोटोच्या रूपाने संध्याकाळपर्यंत तुमच्या फोनवर येऊन पडतं. फुकट. त्याला ना 30 दिवस लागतात, ना स्टॅम्प. फोटो कोणी काढला, आत कोण होतं, हे विचारणारा अर्ज करावा असं मनात येईल. दाबून टाका, पुरवठा बंद होईल.

तरीही रीतसरच जायचं असेल तर कलम 11 एकदा वाचून ठेवा. गोपनीय समजली जाणारी त्रयस्थाची माहिती द्यायचा विचार असेल, तर अधिकाऱ्याने 5 दिवसांत त्या माणसाला लेखी कळवायचं असतं, आणि त्याला म्हणणं मांडायला 10 दिवस मिळतात. अर्ज कोणाचा आहे हे त्याच्यापासून लपवा, असं त्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा खाली सही करताना नाव आणि पत्ता सुवाच्य अक्षरात लिहा.