अमिगा १९९४ मध्ये संपला? मुद्द्यागणिक उत्तर

जुन्या संगणकांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. कमोडोर कंपनी एप्रिल १९९४ मध्ये बुडाली आणि तिच्या अमिगा या घरगुती संगणकाची ऑपरेटिंग सिस्टम तिथेच संपली. आता नवे काही येत नाही, फ्लॉप्या वाचता येत नाहीत, एम्युलेटर (आजच्या संगणकावर अमिगाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) असताना खरे मशीन कशाला, आणि ती मशीन तशीही आपोआप मरतात. कंपनी बुडाली एवढे बरोबर आहे. बाकीचे दावे एकेक घेऊन तपासू.

नवे काही येत नाही. अमिगाओएस, म्हणजे हीच ऑपरेटिंग सिस्टम, तिची ३.१.४ आवृत्ती २०१८ मध्ये आली, ३.२ मे २०२१ मध्ये, आणि त्यानंतरही सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्या अमिगा १२०० या १४ मेगाहर्ट्झच्या जुन्या मॉडेलवरही चालतात. हे नुसते रंगकाम नाही. जुन्या ३.१ मध्ये ४ जीबीच्या पुढची जागा वापरली की पत्ता ३२ बिटांत मावत नाही, तो शून्यावर परततो आणि लेखन डिस्कच्या सुरुवातीलाच होते. विभाजनाची (पार्टिशनची) माहिती तिथेच असते, म्हणून सगळी डिस्क एकदम जाते. ३.१.४ ने ही मर्यादा काढली. ज्यांना ३.१ वरच राहायचे आहे, त्यांनी सगळी विभाजने पहिल्या ४ जीबीत ठेवावीत.

हार्ड डिस्कऐवजी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. एचडीटूलबॉक्स या अमिगाच्या डिस्क-मांडणी साधनात मॅक्सट्रान्स्फरची (एका वेळी किती बाइट हलवायचे याच्या कमाल मर्यादेची) किंमत ०एक्स१एफई०० द्यावी, म्हणजे १,३०,५६० बाइट, ५१२ बाइटचे २५५ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). ती मोठी राहिली तर छोट्या फाइली ठीक दिसतात आणि मोठ्या गुपचूप बिघडतात. त्यामुळे दोष कार्डावर जातो.

नव्या आवृत्तीसाठी रॉम (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा असलेली चिप) बदलतानाही सांभाळा. १२०० मधला सॉकेट ४२ पिनांचा, चिप ४० पिनांची. खाचेकडच्या दोन जागा रिकाम्या राहायला हव्यात.

फ्लॉप्या वाचता येत नाहीत. पीसीच्या फ्लॉपी कंट्रोलरला येत नाहीत, हे खरे. अमिगा डिस्कवरच्या एका ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) ११ सेक्टर सलग लिहितो, मधे पीसीला लागणारी मोकळी जागा सोडत नाही, म्हणूनच डिस्कवर ८८० केबी मावतात. पण ग्रीसवीझलसारखा छोटा यूएसबी बोर्ड साध्या पीसी ड्राइव्हला जोडला की तो चुंबकीय बदलांच्या वेळाच टिपतो, सेक्टर नंतर सॉफ्टवेअर ओळखते. आधी डिस्कचा लेखनरोध लावा. डिस्कवर बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, कारण तीच घाण हेडला लागून पुढच्या डिस्क ओरखडते. प्रत्येक ट्रॅकच्या अनेक फेऱ्या वाचून कच्ची नोंद जपा, एडीएफ प्रतिमा (एम्युलेटरला चालणारी डिस्कची फाइलरूपी प्रत) त्यातून कधीही करता येते.

एम्युलेटर पुरेसा आहे. खेळ आणि बहुतेक कामांना पुरेसा आहेच, छंदी मंडळी कार्ड तयार करायला तोच वापरतात. पण एम्युलेटरचे उत्तर बरोबर आहे का, हे शेवटी खऱ्या चिपशी ताडूनच ठरते. आधुनिक वेब मात्र या प्रोसेसरला झेपत नाही, तिथे दावा मान्य.

मशीन आपोआप मरतात. मरतात ती न उघडल्यामुळे. अमिगा ६००, १२०० आणि ४००० मधले पृष्ठभागावर डकवलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. आधी आवाज बारीक किंवा घोगरा होतो, आणि सोल्डरिंग आयर्न टेकवताच माशासारखा वास येतो. कपॅसिटर ओढून किंवा पिळून काढू नका, खालचे बोर्डावरचे तांब्याचे पॅड उचलले जातात. फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला मदत करणारा पदार्थ) लावा, दोन्ही पाय एकदम तापवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅड धुवा. नवा भाग तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. ४००० च्या काही बोर्डांवर ध्रुवखुणाच (अधिक-उण्याच्या) उलट छापल्या आहेत, तेव्हा छापील खुणेऐवजी मीटर लावून पाहा.

५०० प्लस, २००० आणि ४००० मधली निकेल-कॅडमियम बॅटरी याहून वाईट. तिच्यातून गळणारा अल्कली द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. बॅटरी कापून काढा, डाग पांढऱ्या व्हिनेगरने निष्प्रभ करा, नंतर अल्कोहोलने पुसा. मशीन बिनबॅटरीचे नीट चालते, फक्त घड्याळाची वेळ टिकत नाही.