सिंक म्हणजे बॅकअप नाही, हे कोण सांगणार?

डोकं फिरलंय आज. विषय काय तर बुकमार्क. हो, साधे बुकमार्क. तारा दाबायचा, पान ठेवायचं, लागेल तेव्हा उघडायचं, एवढंच काम आहे हो, आणि ब्राउझरवाल्यांना तीसेक वर्षांत एवढं एक धड जमत नाही.

झालं असं की भाच्याला यूट्यूब लावून फोन हातात दिला, त्याने कुठून कुठे जाऊन ब्राउझरमधला 'काम' नावाचा आख्खा फोल्डर उडवला. खाली 'अंडू', म्हणजे पुसलेलं परत आणायचं बटण, येतं ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत गायब, आणि चार वर्षांच्या पोराने काय ते वाचून दाबायचं होतं? म्हटलं जाऊदे, फोनवरून गेलं तर गेलं, लॅपटॉपवर आहे की. लॅपटॉप उघडला, क्षणभर फोल्डर दिसला पण, आणि बघता बघता तिथूनही गायब. कारण काय, तर सिंक, म्हणजे फोन-लॅपटॉप सगळीकडे तेच बुकमार्क ठेवायची सोय, चालू आहे ना! अरे पण मग लॉगिन करा, सिंक चालू करा म्हणून रोज जे पाठीमागे लागता ते कशासाठी? सगळ्यांना वाटतं सिंक म्हणजे आपलं सामान वर कुठेतरी सुखरूप ठेवलंय. कसलं काय, इथे पुसलं की तिथे पुसायची सोय आहे ती फक्त, आणि हे सेटिंगमध्ये एका ओळीतही कुठे लिहिलेलं नाही.

आणि त्या 'काम' फोल्डरमध्ये काय होतं सांगतो. मी भाषांतराची कामं करतो. शासन निर्णयांच्या पीडीएफच्या थेट लिंका, ज्यांच्या फाइलचं नाव म्हणजे नुसता लांबलचक आकड्यांचा संकेतांक, तो बघून बापजन्मात कळणार नाही आत काय आहे. प्रत्येकाला मी माझं नाव दिलं होतं, 'अनुकंपा सुधारित', 'रजा जुना, हाच बरोबर', असं. शिकागो विद्यापीठाच्या साइटवरच्या शब्दकोशांची पानं, विश्वकोशातल्या नोंदी. लिंक एक वेळ परत शोधता येते, पण ही नावं कुठून आणू?

मग सुरू झाली रिस्टोअरची वरात. नेटवर सगळे सांगतात की बुकमार्क सी ड्राइव्हवर ॲपडेटा नावाच्या फोल्डरच्या आत असतात. हा ॲपडेटा मुळात लपवलेला, आधी हिडन फाइल्स दाखवा म्हणून विंडोजला विनवा, मग पाच-सहा फोल्डर आत जा, तिथे 'बुकमार्क्स' नावाची फाइल, पुढे एक्स्टेंशन वगैरे काही नाही, आणि शेजारी त्याच नावाची, पुढे 'डॉट बॅक' लावलेली दुसरी फाइल. ही म्हणे आधीची कॉपी. पण ब्राउझर बंद करून परत उघडला आणि काही बदललं की तीही नव्याने लिहिली जाते, म्हणजे आपण घाबरून ब्राउझर उघडून शोधाशोध करतो तेवढ्यात तिचाही कारभार आटोपलेला. बरं जुनी फाइल मिळालीच आणि जागेवर ठेवलीच तरी आधी सिंक बंद करायचं, नाहीतर वरून सर्व्हर येऊन परत सगळा घोळ घालणार. हे कुठे सांगितलंय? कुठेच नाही.

(फायरफॉक्स निदान आपणहून तारीखवार १५ पर्यंत बॅकअप ठेवतं, तेवढं त्याचं कौतुक. पण ते ठेवतं कुठे? त्याच प्रोफाइलमध्ये, त्याच सी ड्राइव्हवर. दुकानवाला फॉरमॅट मारताना 'डेटा डी ला घेतलाय साहेब' म्हणतो तो डेटा म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो, ॲपडेटाकडे कुत्रं बघत नाही. ज्या डिस्कला आग लागणार तिच्यातच बॅकअप, वा!)

नशिबाने एचटीएमएलमध्ये केलेलं एक जुनं एक्स्पोर्ट, म्हणजे सगळे बुकमार्क बाहेर काढून ठेवलेली फाइल, पेनड्राइव्हवर सापडलं. लॅपटॉपवरनंच केलेलं अर्थात, कारण माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये एक्स्पोर्टचं बटणच दिलेलं नाही. नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा ती फाइल. पहिलीच ओळ, नेटस्केप बुकमार्क फाइल वन. नेटस्केप! तो जुना ब्राउझर, ज्याचा सपोर्ट १ मार्च २००८ ला बंद झाला, त्याच्या नावाची फाइल आजही सगळे ब्राउझर काढतात. त्याबद्दल तक्रार नाही, उलट ती एकच गोष्ट सगळीकडे चालते. खाली 'डू नॉट एडिट' अशी दमदाटी, आणि मग प्रत्येक लिंकला चिकटलेलं त्या साइटचं चिमुकलं चित्र अक्षरांच्या भेंडोळ्यात कोंबलेलं, पानंच्या पानं कचरा, त्यातून आपली लिंक डोळ्यांनी शोधा.

केली इम्पोर्ट. तर 'इम्पोर्टेड' नावाचा नवा फोल्डर, त्याच्या पोटात बुकमार्क बार, त्याच्या पोटात माझे जुने सगळे फोल्डर. 'काम' आलं परत, आलं नाही असं नाही, पण जे गेलेलंच नव्हतं तेही सगळं पुन्हा आलं. बँक दोनदा, वीजबिल दोनदा, सातबारा दोनदा. लिंक अक्षरन् अक्षर तीच आहे, नाव तेच आहे, फोल्डर तोच आहे, तरी या शहाण्याला कळत नाही की हे आधीच आहे. आणि सिंक चालूच, त्यामुळे हा सगळा पसारा मी चहा ठेवून येईपर्यंत फोनवर पोचला, ऑफिसच्या पीसीवर पोचला. पुसताना इतक्या तत्परतेने पुसतं, भरताना इतक्या तत्परतेने भरतं, फक्त मध्ये एकदा विचारायचं नाही की बाबा आख्खा फोल्डर चाललाय, नक्की ना?

आता एकेक डुप्लिकेट हाताने काढत बसलोय. ब्राउझरला जोडायची एक्स्टेंशन, म्हणजे छोटे प्रोग्राम, आहेत म्हणे त्यासाठी, पण कोण कुठला माणूस, त्याला माझे सगळे बुकमार्क वाचायची परवानगी देऊ? ब्राउझरवाल्यांनीच द्या ना एक बटण, डुप्लिकेट काढा म्हणून. दर अपडेटला टूलबारवर कसलं ना कसलं एआयचं नवं बटण येतं, जे कोणी मागितलेलं नसतं. माझ्या ब्राउझरमध्ये आजच एक आलंय. बरोबर त्या ताऱ्याच्या शेजारी.