खड्डा नव्हे, चारी

परवा संध्याकाळी साखरपुड्याला निघालो असताना त्र्यंबक रस्त्याकडे वळतानाच माझी स्कूटर रस्त्यातल्या पाण्यात बसली, तिच्यामागोमाग मीही बसलो आणि इस्त्रीचा पांढरा झब्बा गेरूच्या रंगाचा झाला. पावसाळ्यात नाशिकमध्ये पडणे ही काही बातमी नव्हे, तेव्हा ते असो.

चहाच्या टपरीवरून एक वयस्कर गृहस्थ छत्री टेकत आले. आधार मिळेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी छत्रीचे टोक माझ्या गुडघ्याशेजारी पाण्यात बुडवले, वर काढून ओल कुठवर आली ते पाहिले आणि निर्णय दिला, "हा खड्डा नाही, चारी आहे."

"काका, आधी मला उठवा."

"उठाल हो. खड्ड्याच्या कडा फाटक्या असतात; डांबरात पाणी मुरते, खडी सुटते आणि गाड्या ती उडवतात. ही कड बघा, सुरीने कापल्यासारखी सरळ आहे, म्हणजे कोणीतरी पाइप टाकला. खड्डा देखभाल-दुरुस्तीच्या खर्चात बसतो, चारी बुजवण्याचे पैसे मात्र खोदणाऱ्याकडून आधीच भरून घेतात. तुम्ही भलत्याच खात्याला शिव्या देत होता."

त्या शिव्या आपण मोठ्याने दिल्या होत्या, हे मला तेव्हा कळले.

गृहस्थ निवृत्त ओव्हरसियर निघाले. मी स्कूटर उचलत असताना त्यांनी समृद्धी महामार्गाचा विषय काढला. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला. अभिमान मलाही आहे; परंतु इगतपुरीच्या डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा काढणाऱ्या राज्यात हातभर रुंदीची चारी बुजवायला माणूस मिळू नये, याचा राग चिखलात उभे राहून आवरत नाही. स्कूटर घेताना मी रस्ता कर एकरकमी भरला आहे आणि पेट्रोलमागे रस्त्यांचा उपकर रोज भरतो आहे. हे पैसे चारीच्या खात्यात जातात की खड्ड्याच्या, असे मी विचारले.

"२०२७ चा सिंहस्थ आहे, सगळे होईल," ते शांतपणे म्हणाले.

म्हणजे साधू येणार म्हणून. आम्ही इथे वर्षभर राहतो, हे कारण कोणाला पुरेसे वाटत नाही.

साखरपुड्यात मी एका पायाने अनवाणी होतो, कारण डावी चप्पल चारीतच राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधायला गेलो, तर चारी मुरूम टाकून बुजवलेली आणि तिच्यावरून रोलरही फिरलेला. गृहस्थ तिथेच होते. त्यांनी पावलांनी अंतर मोजले, एका जागी छत्री टेकवली आणि म्हणाले, "चप्पल साधारण इथे, दीड फुटावर असेल. पण आता उकरायची तर रीतसर परवानगी घ्या."