मायक्रोफोन गेन ‘फुल’ ठेवण्याच्या सल्ल्याविषयी

ऑक्टोबरच्या अखेरीस सीक्यू वर्ल्ड वाइड एसएसबी ही बोलून संपर्क साधायची रेडिओ स्पर्धा जवळ आली की मुंबईतल्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या फोनवर एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘मायक्रोफोन गेन फुल, कॉम्प्रेसर फुल, एएलसीची सुई उजवीकडे टेकू द्या, प्रीअँप चालू ठेवा, आरएफ गेन पूर्ण उघडा, हेडफोनचा आवाज चढवा म्हणजे क्षीण स्टेशनेही निघतात, स्पर्धेत सगळे हेच करतात.’ नवे परवानाधारक या ओळींवर विश्वास ठेवतात आणि नुकसान त्यांचेच होते, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

गेन, म्हणजे प्रवर्धन, वाढवला की सिग्नल दूर जातो, हे पहिले विधान चुकीचे आहे. १०० वॅटची रिग (रेडिओ संच) गेन कितीही चढवला तरी शिखराला साधारण १०० वॅटच देणार. आवाज त्या मर्यादेला भिडला की एएलसी (शक्ती मर्यादेत ठेवणारे स्वयंचलित नियंत्रण) आधीच्या टप्प्यांचे प्रवर्धन कमी करते. पण तिला प्रतिसाद द्यायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात शब्दाच्या सुरुवातीचे शिखर मर्यादा ओलांडून गेलेले असते. त्या विकृतीतून निर्माण होणारी ऊर्जा आपल्या अडीच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहत नाही, तर शेजारच्या स्टेशनावर चरचर होऊन पडते. म्हणून स्पर्धेत ज्या जोराने बोलतो त्याच जोराने बोलून, शिखरांवर एएलसी जेमतेम हलेल इतकाच गेन ठेवावा. खोलीत हलक्या आवाजात ‘हॅलो टेस्ट’ म्हणून लावलेला गेन पाइलअपमध्ये (अनेक जण एकाच वेळी एकाच स्टेशनाला हाका मारतात त्या गर्दीत) निरुपयोगी ठरतो, कारण तिथे आवाज नकळत चढतो. शिवाय मीटरचा अर्थ प्रत्येक रिगमध्ये सारखा नसतो: एलेक्राफ्ट के३ मध्ये पहिल्या चार पट्ट्या केवळ आवाजाची पातळी दाखवतात, खरी एएलसी त्यापुढे सुरू होते. मॅन्युअलमधले ते एक पान वाचल्याशिवाय सुईबद्दल कोणीही कोणाला सल्ला देऊ नये.

कॉम्प्रेसर म्हणजे शिखरे दाबून बाकीचा आवाज वर आणणारी सोय. त्याविषयीच्या विधानात मात्र तथ्य आहे. बोलण्यातील शिखरे सरासरीपेक्षा बरीच उंच असतात, त्यामुळे ६ ते १० डेसिबेल कॉम्प्रेशनने सरासरी शक्ती वाढते आणि समोरच्याला ते जाणवते. पण ‘फुल’ म्हणजे काय होते? ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईच्या खोलीतला पंखा बंद करता येत नाही. २० डेसिबेल कॉम्प्रेशन लावले की दोन शब्दांच्या मधल्या जागेत पंख्याची घरघर आणि खिडकीखालचे रिक्षांचे हॉर्न जवळजवळ तेवढेच वर येतात. अशा गिचमिडीत समोरच्याने आपले कॉल साइन (स्टेशनाचे ओळखनाव) चुकीचे लिहिले, तर तो संपर्क त्याच्या हातून जातो आणि शिवाय त्याच्या लॉगमधून त्या क्यूएसओच्या (संपर्काच्या) दुप्पट गुण वजा होतात.

या संदेशात ज्याचा उल्लेखही नाही अशी एक चूक मी स्वतः केली आहे. माझा ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ हा सर्वांना उद्देशून द्यायचा पुकारा लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेला होता आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकची वायर थेट रिगच्या मायक्रोफोन इनपुटला जोडलेली होती. पहिल्याच सकाळी शहरातल्या एका ज्येष्ठ ओएमचा (‘ओल्ड मॅन’, म्हणजे हॅम मित्राचा) फोन आला: ‘अहो, तुमचा सीक्यू सहा किलोहर्ट्झ रुंद येतोय, आणि नंतर तुम्ही बोलता ते अगदी स्वच्छ.’ मायक्रोफोन काही मिलिव्होल्ट देतो, लॅपटॉप व्होल्टच्या घरात. मग १० किलोओहम आणि १०० ओहमच्या दोन रेझिस्टरांचा विभाजक करून पातळी शंभराव्या हिश्श्यावर आणली, डीसी अडवायला कपॅसिटर घातला, आणि रेकॉर्डिंग व माझा आवाज दोन्हींना सुई सारखीच हलते हे डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या भारावर) पाहून घेतले. लॅपटॉपच्या सूचनांचे आवाजही तेव्हाच बंद केले.

आता रिसीव्हर. ७ मेगाहर्ट्झवर मुंबईत एस-७ ते एस-९ (सिग्नल-मीटरवर बराच वरचा) गोंगाट मला तरी नेहमीचा आहे, आणि दिवाळीच्या एलईडी तोरणांनी त्यात भर पडते. अँटेनाची वायर काढून पाहावी. हेडफोनमधला खरखराट एकदम खाली गेला, तर तो गोंगाट बाहेरचा आहे आणि प्रीअँप (रिसीव्हरच्या तोंडाशी असलेला जादा प्रवर्धक) तो सिग्नलइतकाच वाढवणार आहे. अशा वेळी प्रीअँप बंद करून १० किंवा २० डेसिबेलचा अटेन्युएटर (येणारा सिग्नल क्षीण करणारी सोय) लावला तरी क्षीण स्टेशन हरवत नाही, उलट याच शहरातल्या दणदणीत सिग्नलमुळे रिसीव्हर गुदमरत नाही. त्यानंतर आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) इतका खाली आणावा की दोन शब्दांच्या मध्ये एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी राखणारे नियंत्रण) गोंगाटाला उचलून कानावर आदळणार नाही.

हेडफोनचा मुद्दा थोडक्यात: आवाजाची खुंटी सिग्नल आणि गोंगाट दोघांनाही सारखेच मोठे करते. कानांसाठी ८५ डेसिबेल ही ८ तासांची मर्यादा मानली जाते आणि दर ३ डेसिबेलला ती वेळ निम्मी होते. ९४ डेसिबेलला एकच तास उरतो. स्पर्धा ४८ तासांची आहे.

सगळे करतात, हेही खरे नाही. प्रमाणाबाहेर रुंद सिग्नल हा या स्पर्धेच्या नियमांनुसार कारवाईस पात्र ठरणारा दोष आहे.

स्पर्धा शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. ज्यांना आपला सिग्नल तपासून हवा असेल त्यांनी शुक्रवारी रात्री ७ मेगाहर्ट्झवर मला हाक मारावी. मी वर-खाली तीन-तीन किलोहर्ट्झ सरकून ऐकेन आणि जे ऐकू येईल ते जसेच्या तसे सांगेन.